केरीत, घाटाखाली

सकाळचे सव्वानऊ. केरीतली शेवटची दुकानं मागे पडायच्या आत मी गाडी डाव्या अंगाला घेते, इंजिन बंद करते, हँडब्रेक ओढते. समोर रस्ता वळून झाडीत शिरलाय. तिथून पुढे चोर्ल्याचा घाट. मोर्लेगडाच्या माथ्यावर धुकं बसलंय. रात्रीचा पाऊस ओसरून आता उघडीप आहे आणि कडेच्या शेतांतलं भात पिवळं धरू लागलंय.

"थांबलीस का गो?" आई विचारते.

"ऐकू आलं ना तुला?"

ती काही बोलत नाही. म्हणजे आलंय.

आम्ही केरीहून निघालोय आणि केरीतच थांबलोय. गोव्यात केऱ्या तीन. फोंड्याची विजयादुर्गेची, पेडण्याची समुद्रावरची, जिथून फेरीबोटीने तेरेखोलला जातात, आणि ही सत्तरीतली, घाटाखालची. आमचं घर पेडण्याच्या केरीत. सात वाजता निघालो. म्हापसा, अस्नोडा, डिचोली, साखळी करत इथवर आलो. मावशी बेळगावात, शहापुरात राहते. उद्या सकाळी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि तिच्याजवळ बसायला आईशिवाय कुणी नाही. मागच्या सीटवर आईची पिशवी आहे. तिच्यात चतुर्थीतल्या उरलेल्या नेवऱ्या, सोलं आणि मावशीसाठी नवं लुगडं.

आवाज आजचा नाही. समुद्र आमच्या अंगणापासून जवळ. गाडीवर बारा महिने खारा वारा. ब्रेकची डिस्क बिडाची असते. पावसाळ्यात ती एका रात्रीत तांबूस होते. सकाळी गाडी काढली की पहिल्या तीन-चार ब्रेकांना खरखर होते, गंज पुसला जातो आणि डिस्क पुन्हा चकचकीत. हे आमच्या घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, इतकं की पाहुणा दचकला तर आम्ही त्याला समजावतो. चतुर्थीत गाडी आठ दिवस जागची हलली नाही. त्यानंतर जो आवाज येऊ लागला तोही मी त्याच खात्यावर टाकला. पण तो खरखरता नव्हता. बारीक, उंच, रातकिड्यासारखा चीं... असा होता. ब्रेक न दाबता गाडी चालत असताना यायचा आणि पाय ठेवला की थांबायचा. तीन आठवडे मी त्याला गंजच म्हणत होते.

आज अस्नोड्यापर्यंत तो सोबत होता. डिचोलीच्या अलीकडे आई म्हणाली, "गेला बघ आवाज." गेला होता खरा. मी काच खाली करून ऐकलं. नुसता टायरांचा आणि वाऱ्याचा आवाज. दोघींनाही बरं वाटलं. साखळी मागे टाकल्यावर एका गतिरोधकापाशी ब्रेक दाबला आणि डाव्या पुढच्या चाकातून कर्रर्र असं आलं, पाट्यावर वरवंटा कोरडाच ओढावा तसं. कानांआधी ते पायाच्या तळव्याला कळलं.

आता मी खाली उतरून बॉनेट उघडते. ब्रेक ऑइलची बाटली पांढुरकी, अर्धपारदर्शक आहे. तिच्यावर वर आणि खाली दोन रेघा असतात. ऑइल खालच्या रेघेच्या जरा वर आहे. जानेवारीत सर्व्हिसिंग झालं तेव्हा ते वरच्या रेघेला होतं. गळती म्हणावी तर बाटलीभोवती किंवा चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसत नाही. गळती नसताना पातळी उतरते तेव्हा सहसा एकच कारण असतं. पॅड झिजले की त्यांना ढकलणारा पिस्टन तेवढा बाहेर येतो आणि त्याच्या मागची जागा भरायला बाटलीतलं ऑइल खाली जातं. अशा वेळी वरून ऑइल ओतलं तर बाटली भरलेली दिसते आणि गाडीने दिलेली खूण पुसली जाते. डिकीत नवी बाटली आहे. मी तिला हात लावत नाही.

मग आईला काच खाली करून कान द्यायला सांगते आणि दोन्हीकडचा रस्ता मोकळा बघून सपाट तुकड्यावर वीसच्या वेगाने गाडी नेते. ब्रेक हलकेच दाबला की कर्रर्र. सोडला की नाही. पेडल खोल जात नाही, भुसभुशीत लागत नाही. पण थांबताना गाडी किंचित उजवीकडे ओढतेय. म्हणजे उजवं चाक आपलं काम करतंय, डावं कमी करतंय.

"तुझ्या बाजूने की माझ्या?"

"माझ्या पायाखाली," आई म्हणते.

गाडी पुन्हा कडेला लावते. मोबाईलचा टॉर्च लावून डाव्या चाकाच्या आऱ्यांतून आत बघते. कॅलिपर दिसतो, डिस्क दिसते आणि डिस्कला चिकटून बसलेला पॅड दिसतो. नव्या पॅडवर घासायचा माल दहा-बारा मिलिमीटर असतो आणि तीनच्या खाली गेला की बदलायचा, एवढं मला ठाऊक आहे. हा पाच-सहा तरी आहे. मनाला लगेच उभारी येते. आहे की माल. खडी अडकली असेल. डिस्कच्या मागे पत्र्याचं पातळ ताट असतं, त्याच्या आणि डिस्कच्या मध्ये एखादा खडा शिरला की असाच भयंकर आवाज करतो आणि गाडी मागेपुढे केली की पडून जातो. मी मागेपुढे करते. काही पडत नाही.

आई आता तिच्या बाजूचा मुद्दा मांडते, आणि तो पोकळ नाही. "पुढे सगळा चढच ना? चढाला ब्रेक कुठे लागतात? वर कणकुंबी, जांबोटी, मग सपाट. बेळगावात गेलो की दाखवू. तिथे गॅरेजं आहेत." तिला काळजी बहिणीची आहे. चार वाजता मावशीला रक्तदाब बघायला न्यायचंय.

मी घाटाकडे बघते. चढाला ब्रेक लागत नाहीत हे खरं, पण ते मोकळ्या चढाचं खरं. चोर्ल्याला वळणामागे वळण आहे. वरून येणारा ट्रक आपली बाजू सोडून आला तर थांबावं लागतं, आणि चढावर थांबलेली गाडी मागे सरकू नये म्हणूनही ब्रेकच लागतो. शिवाय परवा मला एकटीला परत यायचंय. मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. उतारावरची गाडी हे माझं दरवर्षीचं उदाहरण आहे आणि आज ते माझ्यासमोर उभं आहे. घाटमाथा समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास. हजार किलोची गाडी सातशे मीटर खाली उतरली तर सुमारे ६९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. आमच्या न्हाणीतला तांब्याचा बंब वीसेक लिटरचा आहे. तो भरून पाणी उकळेपर्यंत जेवढी उष्णता लागेल, त्याहून ती थोडी जास्तच. काही हवा घेते, काही टायर घेतात. दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरमध्ये ठेवली तर मोठा वाटा इंजिन उचलतं. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर म्हणतात ते याचसाठी. उरलेली सगळी चार चाकांतल्या ब्रेकांत जाते. आणि ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट-४ नवं असताना २३० अंशांपर्यंत तरी उकळू नये असा दंडक आहे; ओल शिरलेल्यासाठी तोच दंडक १५५ अंशांवर येतो. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो आणि पेडल पायाखाली तळाला जातं. तेव्हा आवाजसुद्धा येत नाही.

समोरच्या चहाच्या गाड्यावरचा माणूस मघापासून बघतोय. तो बादलीभर पाणी घेऊन येतो. चाक तापलंय का बघायला मी रिमजवळ तळहात नेते. उजव्या चाकाशी कोमट लागतं, डाव्याशी हात ठेववत नाही. "ओतू?" तो विचारतो. मी हो म्हणणार एवढ्यात मागून आवाज येतो.

"उदक घालू नका!"

चहावाल्यानेच फोन केला होता म्हणे. स्कूटरवरून उतरणारा मेस्त पन्नाशीचा आहे. पायात चपला, खांद्यावर पान्यांची पिशवी. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की डिस्क वाकते, कधी तडकतेही, हे तो मला कोकणीत सांगतो. बादली बाजूला ठेवायला लावतो आणि दहा मिनिटं कशालाच हात लावत नाही. तेवढ्यात चहा होतो. डिचोलीच्या खाणींवरच्या टिपरांवर त्याने वीस वर्षं काम केलंय. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, तेव्हा तो गावी आला आणि घरामागे गॅरेज घातलं. भरलेला टिपर उतारावरून जेटीकडे जाताना त्याचे ब्रेक कसे बोलतात ते त्याने हजार वेळा ऐकलंय.

"बाय, आवाज कधीपासून?"

मी सांगते. आधी खरखर, मग चीं, मग आजचा कर्रर्र.

"चीं थांबला कधी?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. "डिचोलीच्या अलीकडे," आईच उत्तर देते.

तो मान हलवतो आणि कप खाली ठेवतो.

मागच्या चाकांना तो चिऱ्याचे तुकडे लावतो. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करतो, मग जॅक देतो. चाक काढून ते बाजूला न ठेवता गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवतो. जॅक सुटला तर गाडी चाकावर बसावी, माणसावर नाही. या चार हालचालींवरूनच माझा त्याच्यावर विश्वास बसतो. कॅलिपरवर काळी भुकटी साचलीय. तो फुंकर मारत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. जुन्या पॅडांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आता कशात काय असेल ते सांगता येत नाही, आणि ही भुकटी छातीत जाण्यासारखी नाही.

"हें पळय."

आधी बाहेरचा पॅड निघतो. मी टॉर्चने बघितला तोच. साडेपाच मिलिमीटर, व्हर्नियरने मोजलेले. मग तो आतला काढतो आणि माझ्या हातात देतो. त्याच्यावर मालच नाही. नुसती पोलादी पाटी, एका कडेला आरशासारखी घासलेली, मधे उष्णतेने निळसर झालेली. पाटीच्या टोकाला एक वाकडी पातळ पट्टी असते. माल दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही पट्टी डिस्कला टेकते आणि किंचाळते. तेवढ्यासाठीच ती बसवलेली असते. हिच्यावरची अर्धी मोडून गेलीय. तीन आठवडे तीच मला हाका मारत होती. आज डिचोलीजवळ तिचा आवाज गेला, आणि आम्ही दोघी निवांत झालो.

मी पाटी आईच्या हातात देते. ती पदराने धरते, अजून गरम आहे. बराच वेळ उलटसुलट करून बघते.

"एक आहे आणि एक नाही, असं कसं?"

मेस्त कॅलिपर दाखवतो. एका बाजूला पिस्टन असतो, तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. मग सबंध कॅलिपर दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना सरकल्या तर दोन्ही पॅड सारखे झिजतात. यातली एक पिन हातानेही हलत नाही. तिच्यावरचं रबर फाटलंय आणि ग्रीसच्या जागी तपकिरी गंजाची पूड आहे. पिन अडकली की आतला पॅड एकटा दाबला जातो आणि पाय काढल्यावरही सुटत नाही. म्हणून हे चाक तापत होतं. म्हणून बाहेरून सगळं ठीक दिसत होतं.

"समुद्राजवळ घर?" तो विचारतो.

जानेवारीच्या सर्व्हिसिंगच्या कागदावर ब्रेकसमोर बरोबरची खूण आहे. कागद गाडीच्या कप्प्यात अजून आहे. त्यांनीही बहुधा माझ्यासारखंच आऱ्यांतून बघितलं असावं. चाक काढून पिन हलवून बघायला दहा मिनिटं लागली असती. खाऱ्या वाऱ्यातल्या गाडीला ती दहा मिनिटं दर पावसाळ्यानंतर द्यायला हवीत आणि ती मागून घेणं माझं काम होतं. माझ्या गाडीत आई बसते, शेजारची मुलं शाळेला बसतात.

डिस्कच्या आतल्या अंगाला खोल चऱ्या पडल्यात, बोटाने चाचपताना नख अडकतं. डिस्कच्या कडेवर कमीत कमी किती जाडी चालेल तो आकडा कोरलेला असतो. मेस्त चष्मा लावून तो वाचतो, मोजतो आणि नाही अशी मान करतो. पिस्टनही नेहमीपेक्षा बराच बाहेर आलाय. आणखी थोडा आला असता तर सील सोडून ऑइल रस्त्यावर. गाडीला दोन वेगळी सर्किटं असतात, एक गेलं तर दुसरं उरतं. पण अर्ध्या ब्रेकांवर घाट उतरायची कल्पना मी करून बघते आणि ती मधेच सोडून देते.

तरीही मी विचारतेच. "साखळीपर्यंत हळूहळू नेली तर? सपाट रस्ता आहे."

"शाळेची पोरं सपाट रस्त्यावरच आडवी येतात, बाय," तो म्हणतो. "हळू म्हणजे किती हळू? ब्रेक लागायच्या वेळी लागतोच."

"आणि तेव्हा? चीं येत होता तेव्हा?"

"तेव्हा चालवत गॅरेजात यायचं. त्याच आठवड्यात. पॅड बदलून विषय संपला असता." तो पाटी माझ्याकडून परत घेतो. "सकाळची खरखर चार ब्रेकांत गेली तर गाडी चालव. चीं आला तर चालव, पण गॅरेजकडे. लोखंडावर लोखंड आलं, पेडल मऊ लागलं किंवा चाकाला जळका वास आला तर असेल तिथे थांब. टोचन करून ने."

पॅड साखळीत मिळतील. डिस्क म्हापशाहून मागवावी लागेल, आणि जोडीने, कारण पुढच्या एका चाकाला नवी आणि दुसऱ्याला जुनी घातली तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला जाईल. पिना, रबरं, ऑइल, सगळंच. उद्या संध्याकाळपर्यंत. तो खर्च तोंडी सांगतो. मी होकार देते. आई पिशवी उचलून रस्त्याच्या कडेला उभी राहिलीये. तिने ठरवून टाकलंय.

"आता मात्र गाडीचा विषय काढू नको. बस येईल."

कदंबची बेळगावची बस याच रस्त्याने जाते. मी किल्ली मेस्तच्या हातात देते, त्याचा नंबर लिहून घेते आणि गाडीतलं पाणी, छत्री, औषधांचा डबा काढून घेते. चहावाला पैसे घेत नाही. मावशीला फोन लावून सांगते की दोन वाजेपर्यंत येतोय, बसने. काय झालं म्हणून ती विचारते. "आवाज येत होता," मी सांगते. पुढचं तिच्या ऑपरेशननंतर सांगेन.

पावणेअकराला बस येते. आईला खिडकी मिळते, मला तिच्या शेजारची जागा. गाव संपतं आणि चढ लागतो. ड्रायव्हर गिअर उतरवतो. झाडीतून मधेच अंजुणे धरणाचं पाणी दिसतं, पावसाने काठोकाठ भरलेलं, आणि पुढच्या वळणाला पुन्हा लपतं. आई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलीये. प्रत्येक वळणाला ती कान देतेय, हे मला तिच्या मानेवरून कळतं. मी पण देतेय. आज सकाळपर्यंत आम्ही दोघी या घाटातून कितीदा गेलो असू. तेव्हा आम्ही ऐकलं ते फक्त ओहोळांचं पाणी.

एका आवळ वळणावर वरून भरलेला ट्रक येतो. आमची बस थांबते. ट्रक अगदी कडेने, पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत, हळूहळू उतरत जातो. तो गेल्यावर आमचा ड्रायव्हर ब्रेक सोडतो आणि बसच्या पोटातून फुस्स असा मोठा आवाज होतो. आई माझं मनगट धरते.

"हा कसला गो?"

"हवेचा. मोठ्या गाड्यांना हवेचे ब्रेक असतात. सोडला की हवा सुटते."

"असाच यायला पाहिजे?"

"असाच."

ती हात सोडते. बस चढू लागते.